दोराची बोट

कान-नाक-घशाच्या दवाखान्यात माझ्यासमोर साठीचं एक जोडपं मोबाइलवर बोटी बघत बसलं होतं.

"ही घेऊ. आठवडाभर बोटीवरच मुक्काम, दिवसातून चारदा स्कूबाची डुबी."

"अहो, पहिल्याच डुबीत कानात दडे बसले तर उरलेला आठवडा डेकवर माशा मारत बसाल. ही दुसरी बघा. हिच्यात नांगराचा दोर धरून हळूहळू उतरता येतं."

"गुडघे दुखणारी माणसं जिना उतरतात तसं?"

"तस्संच. हातभर उतरायचं, नाक दाबून कान मोकळे करायचे, मग पुढचा हातभर."

"तोवर तुझे मासे निघून जातील. तू पुढे जा, मी येईन मागून."

"मागच्या वेळी हेच केलंत. मी खुणेनं विचारलं, तुम्ही खुणेनंच 'ठीक आहे' म्हणालात. वर आलो तर मास्कमध्ये रक्त!"

"तुझी पहिली डुबी होती गं. इतकी खूश दिसत होतीस…"

"तेवढ्या पाण्यातून दिसले?"

"दिसलीस की."

काकूंनी मोबाइल मांडीवर ठेवला.

"कान दुखतोय, याची खूण येते ना तुम्हाला?"

"येते."

"मग करत का नाही?"

तेवढ्यात नर्स आली. "चला काका. आज कसा आहे कान?"

"छान! एकदम ठ…"

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग पंजा आडवा धरून डुगडुगवला आणि बोट कानाकडे नेलं.

नर्स बघतच राहिली.

"दुखतोय म्हणतायत," काकू म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढे. मी दोराची बोट ठरवून आलेच."