दोन अंगठ्यांना पट्टी

पोरगं निर्व्यसनी हाय असं कुणी छातीठोक सांगितलं, की मला माझा मावसभाऊ सुशांत आठवतोय. त्याच्यासाठी मुलगी बघायला निपाणीला गेलतो. मुलीचे आप्पा तंबाखूचे व्यापारी, पण पहिलाच प्रश्न, "पोराला व्यसन?"

"सुपारीचं खांडसुद्धा न्हाय," मावशी म्हणाली.

"मग अंगठ्याला पट्टी कसली?"

मोबाईलवर गेम खेळून अंगठा सुजलाय, हे मावशी कशाला सांगतीय? "ऑफिसात कॉम्प्युटरचं काम लई असतंय."

तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली. तिच्याबी अंगठ्याला पट्टी! मी बघतोय हे बघून तिची आई घाईनं म्हणाली, "सगळा स्वयंपाक हीच करती."

दोघांना बोलायला आतल्या खोलीत पाठवलं. बराच वेळ आवाजच न्हाय. मावशी खूश, "लाजतायत." आणि एकदम आतनं मुलगी ओरडली, "मागनं ये! मार! सोडू नको त्याला!"

आम्ही सगळे पळत आत. दोघं पलंगावर शेजारी-शेजारी, माना मोबाईलात.

आप्पा कडाडले, "अगं, मुलगा पसंत हाय का न्हाय?"

तिनं मान वर केली न्हाय. "थांबा की आप्पा! समोरचे दोघं अजून जिवंत हायत. तेवढं मारतो आणि सांगतो."