पहिल्या पावसानंतरची दरड

मस्कतमध्ये हिवाळा लागला की आम्हाला डोंगरात जायची खुमखुमी यायची. तसेच एकदा निझवा शहराच्या पुढे घाटाच्या कच्च्या रस्त्याला लागलो. गाडी चालवत होता आमचा वसईचा पास्कल, शेजारी मी आणि मागे त्याची बायको मोना. मोसमातला पहिला पाऊस आदल्याच दिवशी झोडपून गेला होता. एका वळणावर टपावर टक टक वाजलं.

मोना ओरडली, "पास्कल, थांब! गाडी मागे घे!"

"अगं, खडे आहेत."

"आत्ता खडे आलेत, मागून धोंडे येतील! घे मागे!"

पास्कलने चरफडत गाडी वळणाच्या अलीकडे आणली. "झालं समाधान?" असं तो विचारतोय, तोच समोर अख्खी दरड धडधडत खाली आली. मघाशी आम्ही जिथे होतो तो रस्ताच गडप झाला.

मग पास्कल घटाघटा पाणी प्यायला आणि मला म्हणाला, "तू मागे बस. मोना, तू पुढे ये."

"कशाला? मला कुठे गाडी चालवता येते?"

"चालवतो मीच. तू घरापर्यंत अशीच ओरडत राहा!"