मामा, ऐकू आलं का?

घरात स्वस्तात गाण्यांची सिस्टीम केली, ती कशी अंगाशी आली ते ऐका. महाडच्या घरी आतल्या खोलीत जुना कॉम्प्युटर बसवला आणि तिथून वायर ओढून हॉलमध्ये बंद पडलेल्या टेपचे स्पीकर लावले. नेमके त्याच दिवशी पोलादपूरहून मामा आले, खांद्यावर घरच्या तांदळाची पिशवी घेऊन. त्यांना हॉलमध्ये बसवलं आणि आतून कॉम्प्युटरला जोडलेल्या माइकवर म्हटलं, "मामा, ऐकू आलं की 'आलं' म्हणा."

मामा ओरडले, "आलं!"

मी खूश. गाणं शोधत होतो, तेवढ्यात बायको आत आली. "मामा जेवायला थांबणार आहेत का हो?"

"आग्रह करू नकोस. एकदा बसले की दोन-दोन दिवस हलत नाहीत."

बाहेरून मामा म्हणाले, "आलं!"

माइक चालूच होता. धावत बाहेर गेलो, तर मामा चपला घालत होते. तांदळाची पिशवी अजून दारातच होती. कसंबसं म्हटलं, "मामा, जेवून जा ना."

मामांनी स्पीकरकडे बोट दाखवलं.

"आता हेच त्याच्यातनं सांग रे."