आबांनी काठीला टोपी घातली

अगं, माझं लग्न एका काठीने जमवलं, खोटं नाही सांगत. मी तळेगावला कंट्रोल इंजिनिअर. मोटरच्या छोट्या गाडीवर बिजागरीने जोडलेली काठी उभी ठेवायची, धक्का लागला तरी पडू द्यायची नाही, हे माझं काम. काठी थोडीशी कलली तर साधं गणित चालतं. जास्त कलली की ते कोलमडतं, म्हणून मी नवी पद्धत रचत होते.

कामशेतहून मंडळी मला बघायला आली, तेव्हा चाचणीसाठी घरी आणलेली ती गाडी हॉलमध्येच चालू होती. मुलाचे वडील, आबा, पोहे सोडून तिच्याकडेच बघत बसले.

"ढकलू का?"

"ढकला ना, आबा."

त्यांनी बोटाने ढकललं. गाडी पळाली, काठी सावरली. मग आबांनी डोक्यावरची टोपी काढून सरळ काठीवरच अडकवली! आईने डोळे मिटले. टोपीचं वजन माझ्या हिशोबात नव्हतंच. गाडी सैरावैरा धावली, काठी पार आडवी होत आली, आणि टोपीसकट परत उभी राहिली. मी श्वास सोडला.

आबा मुलाकडे वळले. "लेका, व्हय म्हण. पर हिच्याशी भांडून उपेग न्हाई. कसंबी ढकल, ही आपली उभीच!"