चौघांनी उचललं

बसच्या रांगेत माझ्या मागे मावशी आणि कॉलेजातली भाची उभ्या होत्या.

“अपंगांच्या हक्कांसाठी इंटर्नशिप करतेस ना? मग खांदा कशानं धरला?”

“ऐक तर! बँकेला रॅम्प नाही म्हणून एका शिंपीणबाईंची तक्रार. आणि सुनावणी कुठे? दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच नाही! आम्ही चौघं त्यांना व्हीलचेअरसकट उचलायला निघालो.”

“मग?”

“बाई कडाडल्या, ‘मी काय कपाट आहे? सुनावणी घेणाऱ्या साहेबांनाच म्हणावं, खाली या!’”

“आणि सांगायला तू गेलीस?”

“गेले. म्हटलं, साहेब, हक्क त्यांचा आहे, जिना तुमचा.”

“अगं बाई! भडकले असतील.”

“भडकले, मग आले मुकाट्यानं. आता सगळ्या सुनावण्या तळमजल्यावर!”

“आणि खांदा?”

“साहेबांचं टेबल कोण उतरवणार? आम्हीच चौघं!”