वीस एमएमची प्लेट

अरे, आमच्या आदिलाबादच्या वर्कशॉपात लेझर मशीन नवीन आली होती, तवाची गोष्ट हाय. नेरडीगोंड्याकडच्या एका गावचा पंप बंद, तीन दिवस नळाला पाणी नाही. त्याचे पाइप जोडायच्या चकत्या वीस एमएमच्या लोखंडी प्लेटीतून कापायच्या होत्या. मी पॉवर वाढवली, लेझरसंगं सुटणाऱ्या ऑक्सिजनचा दाब वाढवला, तरी चकती सुटेचना. कडा सगळी जळालेली.

नवीन लागलेल्या सुजाताबाई म्हणाल्या, "भाऊ, दाब कमी करून पाहू का?"

"कमी? एवढ्या जाड प्लेटीला?"

"जास्त दाबानं लोखंड कापल्या जात नाही, नुसतं जळून राह्यलं."

"करा बापा!"

त्यांनी ऑक्सिजन सुटते ते तोंड, नोझल, मोठं लावलं, दाब निम्म्यावर आणला. चकती खण्णकन खाली पडली, कडा एकदम साफ!

मी म्हटलं, "बाई, उद्यापासून मशीन तुमी चालवा."

"उद्या काऊन? गाव आज तहानलं हाय. सरका!"