पेपरात गुंडाळलेलं पुस्तक

ओवी : आई, कडी वाजली.

रेवती : शू! आत्ता कुठं बाळाचा डोळा लागलाय.

ओवी : परत वाजली बघ.

रेवती : दुपारी दुकान बंद असतं, बाहेर पाटी लावलीय. लोकांना वाचता येत नाही का? जा, उघड, पण हळू.

ओवी : आई, दुधाच्या आजी आल्यात! आज किटली नाही आणली त्यांनी.

कस्तुराबाई : ताई, माझी गोदा हाय का हितं? दुकानात कपाटामागं बसली असंल तर सांगा. म्या रागवनार नाय.

रेवती : नाही हो, कस्तुराबाई. आज आलीच नाही ती. तुम्ही आत या, बसा आधी. केवढा दम लागलाय.

कस्तुराबाई : बसाया नाय आले. सकाळधरनं पोरगी घरात नाय. कॉलेजात जाऊन आले, तिथं नाय. फोन लावला तर बंद. शेळीची धार काढली नाय तिनं. तापानं फणफणली तरी शेळीला इसरत नाय ती, आन् आज पाला बी घातला नाय. वर गच्चीवर शेळी वरडायलीय, आन् खाली म्या.

रेवती : एखाद्या मैत्रिणीकडं गेली असेल. या वयात मुली जातात न सांगता.

कस्तुराबाई : मैत्रिनीकडं जानारी पोरगी बापाच्या फोटोचं तोंड भिंतीकडं करून जाती का?

रेवती : काय?

कस्तुराबाई : व्हय. ह्यांना जाऊन चार सालं झाली, रोज ती त्या फोटोला फूल घालती. आज फोटो उलटा. आन् उशीवर हे ठिवलेलं. बघा. तुमच्याच हातचं हाय ना?

रेवती : हा आमचा पेपर. मी पुस्तकाला गुंडाळते तो.

कस्तुराबाई : पुस्तक घेऊन गेली, कागद ठिवून गेली. अख्खा उस्मानपुरा हसतो तुम्हाला, म्हाईत हाय का? रेवतीताई आंबं झाकून इकती म्हंत्यात. पुस्तकाचं नाव नाय दाखवायचं, लिव्हनाऱ्याचं नाव नाय दाखवायचं, वरून नुसती चिठ्ठी.

रेवती : नाव दिसलं की लोक जुन्या, माहितीतल्या लेखकांचंच उचलतात, कस्तुराबाई. नव्या माणसाची कादंबरी, नव्या बाईचं आत्मकथन कुणी हातातसुद्धा धरत नाही. म्हणून झाकते. चिठ्ठी वाचून ज्याला न्यावंसं वाटेल त्यानं न्यावं. गोदानंच तर सगळ्यात जास्त नेलीत.

कस्तुराबाई : तेच सांगायले. मला अक्षर लावून लावून वाचता येतं. ऐका. "मेंढरं, दुष्काळ... आणि दुसरीच्या ओटीत घातलेली बहीण. ज्यांच्या आयांनी मेंढरं राखली, त्या मुलींनी हे आधी वाचावं. मी शेव... शेवटच्या पानापर्यंत वाचलंय. रेवती." तुमचंच हाय ना हे?

रेवती : हो.

कस्तुराबाई : मग सांगा, शेवटच्या पानावर काय हाय?

रेवती : नवंच आत्मकथन आहे ते. तुमच्यासारख्याच घरातल्या एका बाईनं लिहिलंय, आशाबाई म्हणून. पहिलंच पुस्तक तिचं. लहानपणचा मेंढवाडा, बापाची काठी, रानातली चूल, इतकं जिवंत लिहिलंय...

कस्तुराबाई : म्या पान इचारलं.

रेवती : कस्तुराबाई, माझं अर्धंच झालंय.

कस्तुराबाई : आन् हे लिव्हलंय ते?

रेवती : बाळाला कांजिण्या होत्या. मांडीवर घेऊन एका हातानं पानं उलटत होते, मधेच ते उठायचं. चिठ्ठ्या बघायला शनिवारी लोक येतात, आणि मला वाटलं, अर्धं इतकं चांगलं आहे तर उरलेलंही असणारच. लिहून टाकलं.

कस्तुराबाई : गोदाला म्हाईत व्हतं, तुम्ही अर्धंच वाचलंय?

रेवती : नाही. तिनं विचारलं होतं, ताई, पूर्ण वाचलंय ना? मी हो म्हटलं. आणि खरं सांगते, ती मेंढरांची ओळ मी तिलाच डोळ्यांपुढं ठेवून लिहिली होती. म्हटलं, गोदाला हे आपलं वाटेल.

कस्तुराबाई : वाटलं की! चांगलंच आपलं वाटलं. तेच पुस्तक आनखी एक हाय का तुमच्याकडं?

रेवती : आहे. ओवी, तू आत जा बरं.

ओवी : आत बाळ झोपलंय. तूच म्हणालीस, तिकडं पाऊल टाकू नको.

कस्तुराबाई : राहू द्या लेकराला. तुम्ही वाचा. म्या अक्षर लावीस्तोवर दिवस मावळंल.

रेवती : माझी खूण इथं आहे. त्याच्यापुढं... भावाचं लग्न... बापाचं आजारपण... थांबा. हे बघा, उस्मानपुरा म्हणून आलंय.

कस्तुराबाई : वाचा.

रेवती : "उस्मानपुऱ्यात एका घराच्या गच्चीवर मला शेळी दिसली. शहरात गच्चीवर शेळी बांधणारं दुसरं कोण असणार? मी समोरच्या रसवंतीत जाऊन बसले. एक बाई शेळीला पाला घालत होती. तिच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण होता, आई सांगायची अगदी तसाच..." कस्तुराबाई, हा तुमचा हात...

कस्तुराबाई : पुढं वाचा.

रेवती : "शेजारी एक मुलगी होती. शेळीच्या पाठीवर वही ठेवून ती काहीतरी लिहीत होती. शेळी हलली की मुलगी तिला रागवायची आणि पुन्हा लिहायची. माझी बहीण. आईनं तिला घोंगडीत गुंडाळून दिली, तेव्हा मी शेजारी उभी होते. मला वाटलं, धावत वर जावं, तिला जवळ घ्यावं आणि मग आईला सांगावं, तुझी पोर लिहिते. पण त्या घराचा उंबरा चढायचा नाही असा आईचा शब्द होता. मी रस पिऊन परत..."

कस्तुराबाई : बास. बास करा, ताई.

रेवती : पाणी देऊ? ओवी, तांब्या आण.

कस्तुराबाई : उंबऱ्यावर नाय आली. पुस्तकात आली.

रेवती : गोदाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं?

कस्तुराबाई : सांगनार व्हते. हे गेल्यावर तर लईच वाटायचं, आता सांगावं. मंग म्हनले, दहावी होऊ दे. दहावी झाली, म्हनले बारावी होऊ दे. एकदा दोघी गच्चीवर बसलो व्हतो, तोंडापतूर आलं. तर ती म्हनली, आई, माझं नाक तुझ्यावर गेलंय बघ. आता सांगा, कसं सांगू?

रेवती : तिच्या आईनं का दिली तिला?

कस्तुराबाई : चारा नव्हता त्या साली. मेंढरांचा वाडा गंगापूरच्या शिवारात उतरला व्हता. नात्यातलीच बाई ती, माझ्या चुलतसासऱ्याची सून. अंगावर दूध येईना. पोरगं रडून रडून निपचित पडायचं. माझी कूस उजवली नव्हती. म्या घेतलं, शेळी बी संगं घेतली, आन् शेळीच्या दुधावर वाढवलं. शहरात आलो तर घरमालक म्हनला, शेळी नाय चालनार. ह्यांनी शेळी खांद्यावर घेतली आन् राती गच्चीवर चढवली. म्हनले, पोरगी राहनार तर तिची दाई बी राहनार. ही गच्चीवरची तिच्याच वंशातली.

रेवती : आणि तो शब्द?

कस्तुराबाई : दोन शब्द व्हते. म्या मागितला, की पोर मोठी होईस्तोवर माझ्या उंबऱ्यावर येऊ नका. त्यांनी पाळला. तिनं मागितला, की मोठी झाली की तूच सांग, कस्तुरा. माझ्या लेकीला दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नको. म्या शेळीच्या अंगावर हात ठिवून व्हय म्हनले व्हते.

रेवती : ही आशाबाई सध्या कुठं असते, ते शेवटी दिलंय. पैठणच्या अलीकडं, धरणाच्या पाण्याकाठी. आईला घेऊन तिथंच घर बांधलंय. गोदा तिकडंच गेली असणार.

कस्तुराबाई : वाट हुडकत गेली म्हना की. कोन जानं पोचली का नाय. धरनाचं पानी तिथं, ताई. लई पानी हाय तिथं.

रेवती : असं काही मनात आणू नका. प्रकाशकांकडून नंबर घेते. पाच मिनिटं द्या मला.

(रेवती फोनवर फोन लावत राहते. आत बाळ उठून रडू लागतं, ओवी त्याला थोपटायला जाते.)

रेवती : हॅलो, आशाबाईच ना? मी संभाजीनगरहून रेवती, तुमचं पुस्तक ठेवते दुकानात... हो, छान चाललंय. पण त्यासाठी नाही फोन केला. एक मुलगी तुमच्याकडं... हो? खरंच? कस्तुराबाई, आहे! तिथंच आहे! घ्या, तुम्हीच बोला.

कस्तुराबाई : म्या कस्तुरा... व्हय. कवा आली?... कशानं आली, येष्टीनं का जीपनं?... नाय, तुझ्यावर काय राग धरू? तू लिव्हलं, ते घडलेलंच व्हतं. पर शेळी तेवढी वगळायची व्हती गं पोरी, आख्ख्या शहरात एकच हाय... काय करायलीय ती?... बोलत नाय? तुझ्या आईच्या जवळ बसलीय?... बसू दे. काय खाल्लं का?... नको, बळंच फोन नको देऊ तिच्या हातात. नुसतं इचार, आई न्यायला येऊ का म्हनती. म्या धरते फोन.

रेवती : विचारायला गेली का?

कस्तुराबाई : व्हय.

रेवती : घाबरू नका. सापडली, हेच मोठं आहे.

कस्तुराबाई : हां, बोल आशा... काय म्हनली?... बरं. बरं. ठिवते.

रेवती : काय म्हणाली गोदा?

कस्तुराबाई : ती म्हनली, आई तर हितं बसलीय. न्यायला कोन येतंय?

रेवती : रागात आहे, कस्तुराबाई. रागातलं बोलणं ते.

कस्तुराबाई : नाय. राग असता तर फोन घेऊन भांडली असती. लई भांडती ती माझ्याशी, तुम्हाला नाय म्हाईत. मिठावरून भांडती. हे असं गुमान बोलनं तिचं म्या कधी ऐकलं नाय.

रेवती : मी येते तुमच्याबरोबर. चूक माझीही आहे, मी सांगते तिला.

कस्तुराबाई : काय सांगता, अर्धं वाचलं म्हनून? तान्हं टाकून कुठं निघालात? गप घरात बसा. म्या स्टँडवर जाते, पैठनची गाडी घावंल. ही गच्चीची किल्ली घ्या. शेळीला पानी दाखवा. धारेच्या भानगडीत पडू नका, लाथ घालंल.

रेवती : माझ्यावर राग आहे ना तुमचा?

कस्तुराबाई : आसंल. आता राग धुंडाळाया येळ नाय मला. ते पुस्तक द्या हिकडं. ह्यात माझ्याबद्दल आनखी काय वंगाळ लिव्हलंय का?

रेवती : मला खरंच माहीत नाही.

कस्तुराबाई : मंग द्याच. पैठनपतूर जेवढं होईल तेवढं लावते. लेकीला सारं म्हाईत आन् मला काय बी नाय, असं कसं तिच्यापुढं उभं राहू? येते, ताई. बाळाला उचला, लई रडायलंय.

रेवती : जपून जा. पोचलात की फोन करा. कितीही वाजले तरी करा!

ओवी : आई, बाळ माझं ऐकतच नाही.

रेवती : दे इकडं. ये रे राजा. झालं, झालं.

ओवी : आई, गोदाताईला दोन आया आहेत?

रेवती : हो, सोन्या.

ओवी : मग तिकडच्या आईनं तिचं नाव काय ठेवलं होतं?